नावाची मूठ

तापीकाठच्या गावांत व्होल्टेज पडतं, मग विहिरींवरच्या मोटरी जळतात.

वार्निशचा वास ओट्यावरून थेट देव्हाऱ्यापर्यंत जातो.

कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. पाळण्यातल्या पोराच्या नावानेसुद्धा.

मंदाच्या साडीवर कधी काळा डाग नसतो. प्रमिलाच्या ओढणीवर रोज असतो.

आता हे तुकडे जोडू. घर एकच आहे. शिरपूरजवळच्या एका गावातलं, साल १९८९. प्रमिला या घराची लेक. धुळ्याला आयटीआय करून आली आणि घराच्या ओट्यावरच तिने मोटर वाइंडिंगचं दुकान मांडलं. तांब्याची तार हाताने गुंडाळून, तिच्यावर वार्निश चढवून ती जळालेली मोटर पुन्हा चालती करते. आलेल्या प्रत्येक स्थळाला तिचा एकच प्रश्न असतो, "तुमच्या ओट्यावर माझं दुकान बसेल का?" आलेलं प्रत्येक स्थळ चहा पिऊन परत जातं.

मंदा तिची वहिनी. या गोष्टीतला हेवा तिचा आहे.

रोज सकाळी दारात कुणीतरी शेतकरी उभा राही.

"प्रमिलाताई शे का घरमा?"

"शे," मंदा म्हणे.

"तुम्ही रुपचंदनी बायको ना? तिले सांगा, मोटर जळनी."

रुपचंदची बायको! लग्नाला दहा वर्षं झाली, पण या गावात मंदाला कुणी मंदा म्हणून दारातून हाक मारली नव्हती. आणि कालची ही पोर ताई झाली! भाकरी थापताना मंदाचा हात परातीवर जरा जोरातच पडे.

श्रावणात कानबाईचा सण जवळ आला, तेव्हा मंदा भाऊबंदांतल्या वडीलधाऱ्या उखर्डू आबांकडे गेली. पदर सावरून हळूच म्हणाली, "आबा, मी सोताना डोयाघाई देखं. प्रमिला निंबाना फटफटीवर बठीसन मळामा गयी." निंबा गावातला एक तरणा शेतकरी, त्याच्या विहिरीवरची मोटर जळाली होती.

आबा गंभीर झाले. "कानबाईना दिन बठ्ठा भाऊबंद जमतीन. तठेच सोक्षमोक्ष करू. दुकान बंद, अन् दोंडाईचाथून येल स्थळ पक्कं."

मंदा घरी आली. त्या दिवशी तिच्या भाकरी छान फुगल्या.

सासूला, भिकुबाईला, कोणी काही सांगितलं नव्हतं. पण दोघी रोटांचे गहू निवडत बसल्या असताना ती सुपातून मान वर न करता म्हणाली,

"मंदा, तुले ते दुकान नही खुपस."

"मंग काय खुपस?"

"लोके तिनं नाव लिसन हाक मारतस, ते खुपस."

मंदा फणकारली. "मना नावले काय किडा लागेल शे का, आत्या?"

"नही ना? मंग सोतानं नाव मांग. तिनं कसाले पुसस?"

मंदाने सुपातला एक खडा उचलला आणि अंगणात लांब भिरकावला.

गहू काढायच्या वेळी भाऊबंद जमले. आबा नाव पुकारत, भिकुबाई मूठ टाकी. रुपचंदची मूठ झाली. त्याच्या मुलाचीही झाली. आबा थांबले, तशी प्रमिला पुढे आली.

"आबा, मना नावनी बी काढा. मी बी कमाडस या घरमा."

माणसं हसली. आबा नाही हसले.

"लेकना नावनी मूठ नही ऱ्हास. तू आज अठे, सकाय परका घर."

"आबा, तुमनी मोटर कोनी करी दिन्ही? तवय मी परकी नव्हती?"

"मोटरनं अलग, कानबाईनं अलग!" आबा कडाडले. "अन् मोटरना नावखाल काय चालस तेबी बठ्ठासले समजू दे. मंदा, सांग. तू काय देखं?"

सगळे मंदाकडे वळले. रुपचंद जमिनीकडे पाहत राहिला. प्रमिलाने वहिनीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. एका शब्दाचं काम होतं. एका शब्दात ओटा रिकामा झाला असता, वार्निशचा वास गेला असता, दारातल्या हाका थांबल्या असत्या.

आणि थांबल्यावर? त्या हाका काय मंदाच्या नावाने येणार होत्या?

"आबा," ती म्हणाली, "फटफटीवर तिघं व्हतात. निंबा पुढे, प्रमिला मांगे, अन् मधमा निंबानी बायको व्हती. ते मी तुम्हले सांगं नही!"

"काय?"

"मुद्दाम नही सांगं! माले जळन व्हये, आबा! तिले बठ्ठा गाव नाव लिसन बलावस, अन् माले कोनी नही!"

भिकुबाईने पोत्यात हात घातला आणि स्वतःच पुकारलं, "प्रमिला!" गहू परातीत पडले. पुन्हा हात घातला. "मंदा!"

"आत्या, पहिले तुमनी," मंदा म्हणाली, आणि पोत्यात स्वतःचा हात घातला.

आबा उठून गेले. त्या वर्षी त्यांनी या घरचा रोट खाल्ला नाही. दोंडाईच्याचं स्थळ परतलं. दुकान ओट्यावरच राहिलं, आणि मोटर घेऊन दारात येणाऱ्याला मंदा आता आधीच बजावे, "मी मंदा. तिनी वहिनी. मोटर अठे ठेव."

माझ्या वाचक बंधू-भगिनींनो, चाकोरी मोडणाऱ्या मुलीची वाट पुरुषच अडवतात, असं आपण धरून चालतो. पण कधी कधी उंबऱ्यात आपण बायकाच उभ्या असतो, हातात आपलं जुनं दुःख घेऊन. जे आपल्याला मिळालं नाही ते दुसरीलाही मिळू नये, असं वाटणं माणसासारखं आहे, पण तो न्याय नव्हे. आपला वाटा मागावा, दुसरीचा पुसू नये!

लग्नाआधी, माहेरी असताना, मंदा तापी पोहून पलीकडे जात असे, आणि काठावरून सारं गाव तिला 'मंदा' म्हणून हाक मारी.