डबीबाबांची फुंकर

शिवणाच्या कारखान्यातली बावीस मशीन बंद होती आणि सगळे श्वास रोखून एका प्लॅस्टिकच्या डबीकडे बघत होते.

डबी इस्त्रीवाल्या काकांच्या हातात होती. त्यांनी डोळे मिटून खटका दाबला. हिरवा दिवा लागला आणि डबी ट्यूंट्यूं गाऊ लागली.

"निष्पाप!" डबीबाबा गरजले. "आत्मा स्वच्छ, म्हणून ज्योत प्रसन्न! पुढचा!"

काकांना गहिवरून आलं. "चाळीस वर्षांच्या संसारात बायकोनं कधी असं म्हटलं नाही हो!"

मालकीणबाईंचं सोन्याचं घड्याळ सकाळी हरवलं होतं. चोर शोधायला बाबा आले, आधी ऑफिसात बसून बाईंचा संशय कोणावर आहे ते चहाबरोबर ऐकून घेतलं, आणि मग कामगारांची रांग लावली. कोणी शंका घेऊ नये म्हणून सेलसुद्धा समोरच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानातून मागवले. ते घेऊन आलेली दुकानवाली मुलगी दाराशीच थांबली, कारण रांगेत पुढे तिची मावशी होती. काजं करणारी, अठरा वर्षं तिथेच कामाला असलेली.

दर माणसाआधी बाबा डबीच्या मागच्या उघड्या खाचेतून तिन्ही सेल काढत, मुठीत धरून फुंकर मारत आणि परत बसवत. "पाप फुंकरीनं उडतं, पापी मात्र उडत नाही!"

मावशीनं खटका दाबला. दिवा नाही, ट्यूंट्यूं नाही. परत दाबला. डबी मुकी.

"मला वाटलंच होतं," मालकीणबाई म्हणाल्या. "सकाळी मी हात धुवायला गेले तेव्हा बेसिनपाशी हीच होती. उद्यापासून येऊ नका."

"अहो बाई, उरलेला दोरासुद्धा मी रिळावर गुंडाळून परत ठेवते!" मावशी कळवळून म्हणाली.

भाचीचं लक्ष डबीच्या खाचेकडे होतं. एकदा सेल उलटे बसवून तिनं आठवडाभरात स्वतः बनवलेले तीन रेडिओ जाळले होते. तेव्हापासून दुकानातल्या प्रत्येक सेलच्या अधिक टोकाला ती लाल नेलपॉलिशचा ठिपका लावायची. काकांच्या वेळी तिन्ही ठिपके दिव्याकडे होते. आता तिन्ही दिव्याच्या उलट बाजूला.

"बाबा, आता तुम्ही धरा ना डबी."

"मी? ज्योतीची परीक्षा घेतेस, मुली?" बाबांचा हात सेलकडे गेला.

"फुंकर नको. सेल आहेत तसेच राहू देत."

"धरा की बाबा, निष्पापाला कसली भीती?" काकांना आता चेव आला होता.

बावीस जणांसमोर नाही कसं म्हणणार? बाबांनी खटका दाबला. मग अंगठ्यानं दाबला. मग दोन्ही अंगठ्यांनी.

"अगंबाई, बाबाच चोर!" मागून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

भाचीनं सेल फिरवले, डबी टेबलावर ठेवली आणि कापड मापायच्या लाकडी पट्टीनं खटका दाबला. ट्यूंट्यूं!

"पट्टी निष्पाप आहे," तिनं जाहीर केलं.

मग तिनं पेचकसानं डबी उघडली. आत एक चिमुकला काळा तुकडा होता, एका टोकाशी चंदेरी पट्टा असलेला.

"हा डायोड. विजेचं एकाच बाजूला उघडणारं दार. सेल सुलटे असले की वीज आत जाते, उलटे असले की दार बंद. म्हणून डबी गप्प बसते, पण जळत नाही. सेल घालताना हात सगळ्यांचाच चुकतो, त्या चुकीनं वस्तू वाया जाऊ नये म्हणून मीही हा बसवते. चुकलेल्याला सांभाळून घ्यायची वस्तू ही, आणि यांनी तिच्याकडून माणसाला चोर ठरवलं!"

बाबा डबी न घेताच दाराबाहेर पडले होते.

"मग माझं घड्याळ?" मालकीणबाई पुटपुटल्या.

"शोधावं लागेल," भाची म्हणाली. "शेवटचं कुठे काढून ठेवलं ते आठवत. नाहीच सापडलं, तर चोर कोण ते माहीत नाही, असंच म्हणावं लागेल."

मालकीणबाई मावशीकडे वळल्या. "मावशी, चुकलं माझं. बसा मशीनवर."

"बसते," मावशी डोळे पुसत म्हणाली, "पण ज्यांच्यासमोर चोर म्हणालात, त्यांच्यासमोर मोठ्यानं म्हणा."

बाईंनी म्हटलं. मोठ्यानं.

तेव्हा कोणी डबी, दिवा, फुंकर घेऊन माणसाची पारख करायला आला, तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणावं: आधी तुम्ही धरा.