टेम्पेची साक्ष

"बुरशी! पुन्हा बुरशी!" मुर्तिनीनं केवड्याच्या पातीची चटई अंगणात आपटली. योग्याकार्ताच्या दुकानदारानं चाळीसच्या चाळीस चटया परत पाठवल्या होत्या. पंधरा बायकांची दोन महिन्यांची मेहनत मातीत! आणि मंडळाची प्रमुख तीच.

"बुरशी लागू नये म्हणून चटयांना लावतो ना, सगळा दोष त्या पाक वागिरानच्या लवंगतेलाचा," ती कडाडली. "झाडांना युरिया घालतात, मग तेलात दम कुठून येणार? यापुढे चटयांना सेंद्रियच तेल. शुक्रवारच्या बैठकीत त्यांचं नाव कापते!"

सासू म्बोक सिनेम (तिकडे आईसारख्या बाईला 'म्बोक', वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाक' म्हणतात) टेम्पेच्या वड्यांसाठी सोयाबीन उकडत होती. "अगं, त्यांची तेलाची भट्टी आपल्याच खरेदीवर चालते. कुणाच्या पोटावर पाय देण्याआधी तेल तपासशील की नाही?"

"म्बोक, आपल्याकडे कुठली प्रयोगशाळा?"

"ही काय!" म्हातारीनं पातेल्यावर पळी वाजवली. "टेम्पे म्हणजे तरी काय? दाण्यांवर चढलेली बुरशीच ना! जे तेल बुरशीला अडवतं, ते माझा टेम्पे होऊच देणार नाही."

दोघींनी विरजण लावलेले दाणे केळीच्या पानांत घालून तीन पुड्या बांधल्या. एक तशीच, एकीत वागिरानचं तेल, एकीत शहरातून आणलेलं सेंद्रिय तेल, दोन्हींत थेंब मोजून सारखे. दोन दिवस मुर्तिनीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

तिसऱ्या सकाळी पहिली पुडी सोडली. पांढराशुभ्र, घट्ट टेम्पे! सेंद्रियची सोडली. दाणे सुटे, बुरशीचं नाव नाही.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

"थांब, अजून एक आहे."

मुर्तिनीनं वागिरानची पुडी सोडली आणि ओरडलीच, "अगंबाई! इथंही काही नाही! एक तंतूसुद्धा नाही!"

"मग सेंद्रिय उगाचच म्हणायचं?" मुर्तिनीनं सासूला विचारलं.

"उगाच कसं? मातीचं, ओढ्याचं भलं होतं त्यानं. वागिरानना ते जरूर सांगू, मीही येते. पण बुरशीला लेबल वाचता येत नाही, बाई! ह्या दोन बाटल्यांचा जोर तरी सारखाच निघाला. पण ओल राहिली तर कुठलंही तेल काय करणार? आता सांग, धुतलेल्या चटया बांधण्याआधी किती वाळवल्यास?"

मुर्तिनीची मान खाली गेली. त्या दिवशी माल न्यायला दारात ट्रक उभा होता, म्हणून तिनंच त्या ओलसर गुंडाळायला लावल्या होत्या.

शुक्रवारी पाक वागिरान टोपी हातात घेऊन कोपऱ्यात बसले होते. मुर्तिनी सगळ्यांसमोर उभी राहिली आणि तिन्ही पुड्यांची हकीकत सांगितली. "चूक माझी होती, पाक. तुमच्या तेलाची नाही. मला माफ करा."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. मग ते हसले, "आणि माझ्या तेलानं बिघडवलेला टेम्पे कुठाय? तो तरी दाखवा!" सारी बैठक खळखळून हसली.

वाचकहो, कुणाच्या मालावर, कुणाच्या नावावर शिक्का मारायला आपला हात फार चटकन उठतो. तो उठण्याआधी एकदा पुडी सोडून बघू या, आणि सगळ्यात आधी आपल्या हातची.