ओल खाल्लेली वडी

मी एक जुनी काळी वडी आहे, मित्रांनो. खायची नव्हे, प्रयोगशाळेतली, कोटाच्या बटणाएवढी. मला उच्च तापमानाची अतिवाहक म्हणतात. हे उच्च तापमान म्हणजे शून्याखाली एकशे एक्क्याऐंशी अंश, तेव्हा शेकोटी डोळ्यांसमोर आणू नका. माझ्याआधीच्या अतिवाहकांना याहून कितीतरी जास्त थंडी लागे, म्हणून हा मान. तेवढी गार झाले की माझ्यातून वीज जराही अडत नाही आणि लोहचुंबक माझ्यावर अधांतरी तरंगतो. हे नेमके का होते, यावर घन पदार्थांच्या भौतिकशास्त्रातले मोठमोठे विद्वान अजून भांडतात.

मला ताईने घडवले. ती इथे डॉक्टरेट करते. यट्रियम, बेरियम आणि तांबे यांच्या भुकट्या तिने खलात इतक्या घोटल्या की तिचे मनगट सुजले. दाबून, भट्टीत भाजून, प्राणवायूत हळूहळू निववून केलेल्या चार वड्या वाया गेल्या. मी पाचवी. माझा रोध शून्यावर आला तेव्हा ती खुर्चीत बसून रडली. पाणी माझा वैरी, म्हणून तिने मला ओलावा शोषणाऱ्या मण्यांच्या डबीत ठेवले. परीक्षकांनी कळवले होते, याच वडीचे मोजमाप पुन्हा करून दाखवा, मगच पदवी.

ताई प्रबंध सुधारून लिहायला दोन महिने घरी बसली. जाताना विभागप्रमुखांना म्हणाली, "सर, वडी वापरलीत तर आधी कोरडी करा हं."

"हो गं, बटणाएवढी तर आहे," सर म्हणाले.

सरांनी मला पाहुण्यांना दाखवले त्या पहिल्या दिवशी टाळ्या ऐकून मी फुशारले, खोटे कशाला बोलू. पण मग आठवड्याला तीन-तीनदा पाहुणे येऊ लागले. सर मला गार करायला द्रवरूप नायट्रोजन ओतत, चुंबक तरंगे, मंडळी वा वा करत आणि सर त्यांना चहाला नेत. मी टेबलावर उघडी. अंगावर बर्फ धरे, त्याचे पाणी होई आणि माझ्यात मुरे. बिस्किटाचा चुरा लागलेली बोटे मला चिवडत. एक गृहस्थ तर माझ्यावरच शिंकले. मग सर मला तशीच चिकट, ओली डबीत कोंबत. मला त्या टाळ्यांची शिसारी आली. अंगावर पांढरी पुटे चढली.

ताई परतली. तिने मला मोजले. आलेखाची रेघ खाली आली आणि शून्याच्या बरीच वर अडकली. तिने तीनदा तारा तपासल्या.

"जुनाच आलेख लाव, तारीख तेवढी बदल," सर म्हणाले. "कोण बघतंय?"

"मी बघतेय ना, सर."

सरांच्या त्या सल्ल्याची आली तेवढी किळस मला त्या शिंकेचीही आली नव्हती. ताईने परीक्षकांना खरे ते कळवले. आता नवी वडी, नवी मोजमापे, म्हणजे पदवी आणखी एक वर्ष लांबली.

पुढच्याच आठवड्यात सर दारात उभे. "वडी दे गं, मंडळी आलीत."

ताईने मला दिले आणि स्वतःही मागोमाग आली. सरांनी नायट्रोजन ओतला, चुंबक ठेवला. तो माझ्यावर ढिम्म बसून राहिला. सरांनी त्याला चिमट्याने ढोसले. पाहुणे घड्याळे बघू लागले.

"हिला काय झालं?" सरांनी विचारले.

"पाणी प्यायली, सर. इथेच, या टेबलावर. तुम्ही चहाला गेला होतात."

मित्रांनो, माझे कौतुक करायला येणार असाल तर टाळ्या घरीच ठेवा. येताना एक कोरडे फडके आणा.