टेबलावरची चप्पल

रक्ताच्या कॅन्सरची इंजेक्शनं सुरू झाल्यापासून आमच्या ह्यांच्या तळपायांची नुसती आग होते. चादर लागली तरी कळवळतात. पण इतवारी बाजारात जन्मभर भांड्यांचं दुकान चालवलेला माणूस, कोणीही विचारलं की "एकदम बढिया!" डॉक्टरांनाही तेच. दुखणं सांगितलं तर औषध बंद करतील, ही भीती.

आज दवाखान्याच्या व्हरांड्यात ह्यांच्या पायातून चप्पल निघाली आणि हे तसेच पुढे गेले. पाय जळतात, पण चप्पल कळत नाही! मी ती उचलली. आत पुन्हा "बढिया" ऐकलं आणि सरळ डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"पायातून निघाली, यायले समजलंच नाही. आता विचारा!"

डॉक्टर रागावले नाहीत. "औषध बंद नाही करत. डोस कमी करू, आगीसाठी गोळी देतो," म्हणाले.

बाहेर येताच हे भडकले. "डॉक्टरच्या टेबलावर चप्पल ठेवते का कोणी?"

मी खाली बसून ती त्यांच्या पायात सरकवली. "बसली का नीट?"

ह्यांनी पायाची बोटं हलवून पाहिली.

"तूच पाहून सांग वं."