वत्सलाबाईची वलांडी

डोळे मिटा पाहू. घाई नाही, सगळ्यांचे मिटू द्या.

आता एक दार मनात आणा. घराचं नव्हे, जहाजाचं. पोलादाचं, राखाडी रंगाचं, तुमच्या बाबांहून थोडं उंच. दाराच्या एका बाजूला तुम्ही उभे आहात आणि दुसऱ्या बाजूला समुद्र आहे. नुसता शिंतोडा नाही, अख्खा समुद्र, दाराला रेटा देत असलेला. तुमच्या बाजूची जमीन मात्र कोरडी हवी, इतकी कोरडी की तिथे वही उघडून गणित सोडवता यावं. पोलादावर पोलाद कितीही दाबलं तरी मध्ये बारीक फट राहते, आणि पाण्याला बारीक फट पुरते. मग त्या दोघांच्या मध्ये काय घालत असतील?

रबर घालतात. दाराच्या चारी बाजूंनी खाच असते आणि त्या खाचेत अंगठ्याएवढ्या जाडीचं, रबराचं एक लांबलचक कडं बसवलेलं असतं. कारखान्यातली माणसं त्याला सील म्हणतात. दार मिटलं की चौकटीची धार त्या रबरात रुतते आणि समुद्र बाहेरच राहतो.

उघडा डोळे. आपल्या गोष्टीतलं सील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात होत होतं. त्याआधी ते परदेशातून यायचं. एखादं फाटलं की नवं येईपर्यंत एवढी मोठी युद्धनौका धक्क्याला बांधलेली. कुलूप आपल्या घराला आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असं किती दिवस चालवायचं? म्हणून नौदलाने या कारखान्याला विचारलं, तुम्हाला जमेल का? जमेल, असं कारखान्याने कळवलं. तपासणीच्या तीन संधी ठरल्या. तिसऱ्यांदाही जमलं नाही, तर सील पुन्हा परदेशातूनच मागवायचं.

दोन संधी होऊन गेल्या होत्या. दोन्ही वेळा पाणी आत आलं होतं.

हेमाली सहावीतून सातवीत गेलेली. नवापूरची, मासेमारी करणाऱ्यांच्या घरातली. तिची आई वत्सला आधी सुकी मासळी विकायची. पाच वर्षांपासून ती या कारखान्यात होती. मे महिन्याच्या सुट्टीत हेमाली दुपारी आईचा डबा घेऊन कारखान्याच्या फाटकाशी यायची. आत फाटकाजवळच उघड्यावर तपासणीची चौकट उभी होती. चौकटीला जहाजासारखंच पोलादी दार, पण दोन्ही बाजूंना समुद्र नाही, नुसतं अंगण. फोरमन शिवाजी मूळचे साताऱ्याकडचे, राहायला जवळच्या सरावली गावात. त्यांना मुलांना समजावून सांगायची हौस होती. यंत्रांजवळ ते तिला फिरकू द्यायचे नाहीत, पण चौकटीपाशी उभं राहू द्यायचे.

त्या मंगळवारी हेमाली आली तेव्हा शिवाजीकाका चौकटीच्या धारेला खडू घासत होते. शाळेतला असतो तसाच, पांढरा.

“काका, भिंतीवर लिहायचं सोडून हितं काय करता?”

“बघत राहा. आता मी दार मिटतो, घट्ट दाबतो आणि उघडतो. बघ, रबरावर काय दिसतं?”

“पांढरी रेघ.”

“धार जिथे रबराला टेकली तिथे रेघ उमटली. म्हणजे पाणी ओतायच्या आधीच कळतं, पाणी कुठून येणार ते. जा रेघेबरोबर बोट फिरवत.”

हेमालीने बोट फिरवलं. रेघ वरच्या बाजूला एका ठिकाणी तुटली होती. जेमतेम दोन बोटांएवढी. पुढे खालच्या बाजूला पुन्हा एकदा तुटली होती. रबर तर सारखंच दिसत होतं. डोळ्याला काही कळत नव्हतं, खडूला कळत होतं.

“चौकट वाकडी असल,” हेमाली म्हणाली.

“मलाही तसंच वाटलं. म्हणून काल सील काढून फिरवून बसवलं. तर तुटलेल्या जागा सीलबरोबर फिरल्या. म्हणजे खोट चौकटीत नाही, सीलमध्येच आहे. रबराचं मिश्रण बघितलं, साचा बघितला. सगळं ठीक.” काका खाली बसले. “शुक्रवारी त्या नौदलाच्या बाई येणार. शेवटची तपासणी.”

डबा खाऊन झाल्यावर वत्सला लेकीला पाणी प्यायला शेडकडे घेऊन गेली. तिथे तिची वलांडी होती.

वलांडी तुमच्यातल्या काहींनी पाहिली असेल. किनाऱ्यावर बांबू रोवून, आडवे बांबू बांधून बोंबील सुकवायला टांगतात, ती. भट्टीतून निघालेली सीलं पूर्वी फरशीवर ठेवायचे आणि गरम रबराला धूळ चिकटायची. वत्सलाने शेडमध्ये बांबू बांधले आणि सीलं त्यावर टांगायला सुरुवात केली. धूळ गेली. मालकांनी आणि शिवाजींनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. तेव्हापासून त्या जागेचं नावच वत्सलाबाईची वलांडी पडलं होतं.

हेमाली पाणी पिता पिता वर बघत राहिली. एकेक सील बांबूवरून खाली लोंबत होतं. वर बांबूशी वळलेलं आणि खाली आपल्याच वजनाने वळलेलं.

तिने ग्लास ठेवला आणि पुन्हा चौकटीपाशी गेली. वरच्या तुटक्या जागेपासून खालच्या तुटक्या जागेपर्यंत ती रबरावरून वितीने मोजत गेली. साडेपंधरा विती. मग दुसऱ्या बाजूने मोजलं. साडेपंधरा. नक्की व्हावं म्हणून पुन्हा मोजलं. तुम्ही दोरीचं कडं करून खुंटीला अडकवून पाहा, खुंटीपासून खालच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी अंतर सारखंच भरतं.

हेमालीला सगळं कळलं, आणि आईचं झालेलं कौतुकही आठवलं. काका विचारत होते, काय मोजतेस गं? ती म्हणाली, “उगाच.” आणि रिकामा डबा घेऊन घरी निघाली.

संध्याकाळी नवापूरच्या किनाऱ्यावर वत्सला सुकलेले बोंबील काढत होती. दूर समुद्रावर एक राखाडी जहाज उत्तरेकडे चाललं होतं. अशा वेळी वत्सला काम थांबवून बघायची.

“पुढच्या वर्षी असं जहाज गेलं ना, मी साऱ्या गावाला सांगणार. त्याच्या पोटात माझ्या हातचं रबर हाय.”

 वाळूत बसून हेमाली जाळ्याच्या जुन्या दोरीचं कडं बांधत होती. जवळच तिचा आजा पुंडलिक होडीतून उतरत होता.

“आज पण बर्फ दुपारलाच पानी झाला,” तो म्हणाला. “बर्फवाला फसवतो, दुसरं काय.”

“बाबा, होडीतल्या बर्फाच्या खणाचं झाकण बघा एकदा,” वत्सला म्हणाली.

“झाकण? ते माझ्या हातचं हाय. त्याला काय होतंय?” आजा फणकारून घराकडे गेला.

तो गेल्यावर हेमालीने दोरीचं कडं वलांडीवर टांगलं. वर एक आणि खाली एक अशा खडूने दोन खुणा केल्या. मग कडं काढून आईच्या हातात दिलं.

“आये, या खुणेपासून त्या खुणेपर्यंत वितीने मोज. मग दुसऱ्या बाजूनं मोज.”

“मला कामं नाय वाटतं?”

“मोज ना.”

वत्सलाने मोजलं. “दोनी बाजूंनी नऊ.”

“तुमच्या सीलावर रेघ तुटते ना, तिथं पण दोनी बाजूंनी सारखंच हाय. साडेपंधरा. मी दोनदा मोजलं.”

वत्सला कड्याकडे बघत राहिली. मग वलांडीवरच्या बोंबलांकडे बघितलं. एक बोंबील काढून तिने टोपलीत टाकला, मग दुसरा. टोपली अर्धी भरली. हेमालीला वाटलं, आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं.

“गरम असतंय ना ते,” वत्सला शेवटी म्हणाली. “गरम रबर जसं टांगलं तसं वळतंय. थंड झालं तरी तिथं दबलेलं राहतंय.”

“मी सांगू काकांना? तुझं नाव नाय घेणार.”

“का नाय घेणार? वलांडी कोणाची?” तिने लेकीच्या डोक्यावर हलकेच टपली मारली. “माझी. मग सांगणार पण मीच.”

बुधवारी सकाळी तिने सांगितलं. शिवाजी ऐकून घेत होते. मग त्यांनी स्वतः एक सील दारावर बसवून, खडूची रेघ उमटवून वितीने मोजलं. दुसरं मोजलं. तिसरं मोजून झाल्यावर ते शेडच्या पायरीवर बसले आणि हसायला लागले.

“आठ दिवस मी मिश्रणात मीठमिरची शोधतोय. आणि तुम्ही इथे युद्धनौकेचं सील बोंबलासारखं वाळत घातलंय.”

“तुमीच शाबासकी दिली होती, दादा. तवा नाय हसलात.”

“दिली होती. मलाही दिसायला हवं होतं. रोज त्या वलांडीजवळून जातो मी, उभ्या बांबूवर दोनदा डोकं आपटलंय.” त्यांनी कपाळ चोळलं. “पण आता करायचं काय? फरशीवर ठेवलं तर धूळ. टांगलं तर बाक. आणि हाताशी दोन दिवस.”

वत्सलाने याचा विचार बोंबील काढतानाच केला होता.

“दादा, बोंबील टांगतात. जवळा टांगतात का?”

जवळा म्हणजे बारीक कोळंबीसारखी मासळी, चिमटीत धरायलाही अवघड. शिवाजींनी नकारार्थी मान हलवली.

“जवळा पसरतात. बारीक जाळं ताणून त्यावर पसरला की खालून वारा लागतो, माती लागत नाय. हे सील बोंबील नाय, जवळा हाय. माझी चूक तीच झाली.”

“जाळ्याचे वळ उठतील की रबरावर.”

“उठू दे. ती बाजू खाली ठेवायची, खाचेत जाणारी. रेघेची बाजू वर.”

शिवाजींनी एक सील उलटून खाचेत जाणारी बाजू पाहिली. “वत्सलाबाई, तुमच्या गावात अजून काय काय वाळत घालता?”

“जास्त प्रश्न विचारणारी माणसं,” वत्सला म्हणाली.

दुपारी हेमाली डब्याबरोबर आज्याचं बारीक जाळं घेऊन आली. जाळं कशाला हवं, हे कळल्यावर आज्याने ते दोनदा धुऊन दिलं होतं. बांबू तेच राहिले, फक्त आता आडवे. चार बांबूंची चौकट, त्यावर ताणलेलं जाळं, आणि भट्टीतून निघालेलं नवं सील त्यावर हळूच, दाराच्या आकारात पसरलेलं.

शुक्रवारी नौदलाच्या अधिकारी बाई आल्या. पांढरा गणवेश, हातात वही. त्यांनी खडू घेतला आणि चौकटीच्या धारेला घासला, अगदी शिवाजीकाकांसारखाच. दार मिटलं. दार उघडलं. बाई रेघेवरून बोट फिरवायला लागल्या. वरची बाजू, कोपरा, लांब बाजू. फाटकाजवळ डबा धरून उभी असलेली हेमाली त्या बोटाबरोबर मान वळवत होती. वत्सला दाराकडे बघतच नव्हती. ती जमिनीकडे बघत होती.

बोट जिथून निघालं तिथे परत आलं. रेघ कुठेही तुटली नव्हती.

“पाणी सोडा,” बाई म्हणाल्या.

मोठ्या पाइपमधून दारावर पाण्याचा जोराचा मारा सुरू झाला. एक बाजू ओलीचिंब, अंगणात तळं. बाई दुसऱ्या बाजूला गेल्या आणि दाराच्या कडेकडेने कोरड्या कागदाची पट्टी फिरवत राहिल्या. मग पाणी बंद करायला सांगून त्यांनी ती पट्टी सगळ्यांना दाखवली. कागद कोरडा होता.

कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. भट्टीवरचा माणूस “हो गया, बाई, हो गया” म्हणत वत्सलापुढे नाचून गेला. शिवाजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला.

“आठवड्यात काय बदललंत?” बाईंनी विचारलं.

शिवाजींनी वत्सलाकडे हात केला. वत्सलाने सगळं सांगितलं, बोंबलापासून जवळ्यापर्यंत, आपली चूकसुद्धा न गाळता. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. जवळा हा शब्द त्यांनी दोनदा विचारला.

“सील थंड करायची हीच पद्धत आता कागदावर लिहून ठेवा. प्रत्येक सीलला हीच,” त्या शिवाजींना म्हणाल्या. “हे जमलं, तर विमानाच्या दाराचं सील करून बघाल का? ते याहून बारीक असतं.”

“बारीक असलं तर बरंच,” वत्सला म्हणाली. “जवळ्याहून बारीक तर नाय ना?”

बाई मोठ्याने हसल्या. “आणि विती कुणी मोजल्या?”

हेमालीला पुढे ढकलावं लागलं. बाईंनी तिला काय द्यावं म्हणून खिसे चाचपले आणि शेवटी हातातला खडूचा तुकडाच तिच्या तळहातावर ठेवला.

संध्याकाळी वत्सलाच्या घरी निम्मं नवापूर जमलं होतं. जो येईल त्याला आजा पहिल्यापासून गोष्ट सांगत होता, आणि दर वेळी त्याचं जाळं थोडं मोठं होत होतं. हेमाली मात्र घरात नव्हती.

ती किनाऱ्यावर आज्याच्या होडीत चढली होती. बर्फाच्या खणाचं झाकण तिने दोन्ही हातांनी उचललं. झाकणाच्या आतल्या कडेला टायरच्या जुन्या ट्यूबची रबरी पट्टी ठोकलेली होती. हेमालीने खिशातून खडू काढला आणि खणाच्या चारी कडांना नीट घासला. झाकण लावलं, त्यावर चढून बसली, दहा मोजले आणि उतरून झाकण उलटं केलं.

तीन बाजूंना सरळ पांढरी रेघ होती. चौथ्या बाजूला कोपऱ्याजवळ रेघ तुटली होती.

तिने आज्याला हाक मारली नाही. आधी कोपऱ्यावर अंगठा टेकवला, बोटं पसरली आणि ती वितीने मोजायला लागली.