नमुन्याचा मेसेज

चारकोपच्या आमच्या सोसायटीत दर रविवारी मी वर्ग घेते. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता मोठ्यांना शिकवते. मोबाईलवर आलेला मेसेज खरा की खोटा, हे ओळखायचं कसं? पहिला नियम तर मी घोकूनच घेतला होता: कोण सांगतंय, ते आधी बघा.

गेल्या रविवारी नमुना म्हणून एक खोटा मेसेज मी वाचून दाखवला. "सावधान! भांडी घेऊन येणाऱ्या बायका मुलं पळवतात. दिसल्या की धरा!" शाळेच्या नाटकांत मुरलेली मी, आवाज असा लावला की मागे पेंगणारे आजोबाही सावरून बसले. टाळ्या पडल्या. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

मंगळवारी अकराच्या सुमारास खालून "मुलं पळवणारी, धरा!" असा आरडाओरडा ऐकू आला. खिडकीतून पाहिलं तर गेटच्या आत वीसेक माणसं आणि मधोमध शेवंती. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी, अठरा वर्षं आमचे जिने चढणारी शेवंती. तिची टोपली उलटी पडली होती. चपला न घालताच धावले.

"सोडा रे तिला! कुणी सांगितलं तुम्हाला हे?" गर्दीत घुसून मी तिचा हात धरला.

तिसऱ्या मजल्यावरचा निलेश पुढे आला. माझ्या वर्गाला नेमाने येणारा, गेला रविवार तेवढा चुकलेला.

"बाई, आम्ही काय येडे आहोत का? तुम्हीच शिकवलंत ना, कोण सांगतंय ते आधी बघा. बघितलं आम्ही." त्याने मोबाईल वर धरला.

"सावधान!" माझाच आवाज, खणखणीत. वर्गात कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंग, पुढचं-मागचं कापून टाकलेलं.

"अरे, तो नमुना होता! खोटा म्हणूनच वाचला मी!"

"आता घाबरून पलटी मारू नका ना, बाई," मागून कुणीतरी ओरडलं. "चारकोपच्या सगळ्या सेक्टरांत फिरतोय तो मेसेज."

निलेशने पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना क्षणभर मलाही ते खरं वाटलं. लाज वाटते सांगायला.

शेवंती माझ्याकडे बघत होती. "बाई, तुम्ही बोललात हे?"

"हो, पण..."

'पण'च्या पुढचं कुणीच ऐकलं नाही. शेवंतीने माझ्या हातातून आपला हात काढून घेतला, आणि वॉचमनने गेटला आतून कडी घातली.