आग्नेस मावशीची कुलूपबंद पेटी

मी पेटी बोलतेय. फणसाच्या लाकडाची, पितळी कड्यांची, आगाशीच्या आग्नेस मावशीबरोबर तिच्या लग्नात आलेली. माझ्या डोक्यावर टीव्ही आहे आणि झाकणात चार खिळे ठोकलेत, म्हणून आवाज दबका वाटेल. बोलणं मात्र दबकं नाही.

मावशी शाळेत गेली नाही. पण पोरांना गोष्टीत अडकवावं तर तिनेच. सुकेळी वाळवायच्या दिवसांत सोललेली राजेळी केळी अंगणात उन्हात घातली, की कावळे हाकायला वाडीतली पोरं बसवायची. पोरं कसली एका जागी बसतात? मग मावशी मला ओट्यावर ओढायची, टिचकी मारायची आणि विचारायची, "आत कोण आहे?"

"वाघ," शेजारचा फ्रेडरिक म्हणायचा.

"कुठला वाघ?"

"अर्नाळ्याचा. मासे खातो."

"मग काट्यांचं काय करतो?"

झालं. उन्हं उतरेपर्यंत त्या वाघाची होडी, त्याची बायको, त्याचं सासूशी भांडण. सांगायची पोरंच, मावशी नुसती विचारायची. किल्ली तिच्या कमरेला. मी आतून रिकामी आहे, हे आम्हा दोघींनाच ठाऊक. कुलूप होतं, तरी मला कधी कोंडल्यासारखं वाटलं नाही.

पंच्याऐंशी साली तिच्या मुलाने, प्लासिडने, टीव्ही आणला. माझ्यावर ठेवायचा म्हणून पेटी आधी रिकामी करू म्हणाला, आणि मावशीने किल्ली दिली नाही तेव्हा पोरांसमोर कुलूप तोडलं.

"बघा, काही नाही आत. आई, किती वर्षं फसवलंस गं यांना?"

मावशी म्हणाली, "उघडून बघितलंस ना? आता सांग एक गोष्ट."

त्याने हातोडी आणली. बिजागरी निखळलेलं झाकण त्याने खिळ्यांनी ठोकलं आणि टीव्ही वर चढवला. तेव्हा मी खरी कोंडली गेले. चार वर्षं झाली. रविवारी सकाळी पोरं माझ्याकडे तोंड करून बसतात, बघतात मात्र माझ्या वर. अंगणात कावळे केळी नेतात. मावशी एकटीच हाकते.

गेल्या रविवारी मध्येच वीज गेली. पोरं कुरकुरत बाहेर गेली. प्लासिडची धाकटी ग्रेसी तेवढी राहिली. कुलूप तुटलं तेव्हा ती रांगतसुद्धा नव्हती. तिने मला टिचकी मारली.

"आजी, यात काय आहे?"

दारातल्या मावशीच्या हातातली काठी थांबली. "तू सांग."

ग्रेसीने मला कान लावला. "पाणी आहे. पाण्यात एक बाई बसलीय. तिला बाहेर यायचंय, पण दार कुठंय ते तिला आठवत नाही."

"मग गं?"

तेवढ्यात वीज आली. वर गाणं सुरू झालं, पोरं धावत आत आली. ग्रेसीने मान वर केली नाही.

"थांब ना आजी," ती म्हणाली. "ती बोलतेय."

म्हणून तुम्हालाही सांगते. माझे खिळे उपटायला येऊ नका. उपटलेत तर तुम्हालाही मी रिकामीच दिसेन. तुमच्या घरातल्या पोराला एवढंच विचारा, आत कोण आहे. आणि ते उत्तर देईपर्यंत जरा गप्प बसा.